सेवा-अभिलेखातील दुरुस्ती : माजी सैनिकांनी घ्यावयाची दक्षता

संरक्षण दलांतून निवृत्त झालेले सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय हा आपल्या बँकेच्या ग्राहकवर्गातील एक आदरणीय घटक आहे. त्यांच्याकडून शाखेत वारंवार येणारी एक विनंती अशी : “पीपीओमध्ये पत्नीचे नाव चुकले आहे, तेवढे दुरुस्त करून द्या.” विनंती साधी वाटते, परंतु ती मान्य करणे शाखाधिकाऱ्याच्या अधिकारात नसते. पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, हा मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा दस्तऐवज आहे. बँकेने त्यातील एक अक्षरही बदलणे नियमबाह्य ठरते. मग ही दुरुस्ती कोठे व कशी होते, आणि ती वेळेवर होणे अगत्याचे का आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदीचे मूळ

सैनिक भरती होतो त्या दिवशी त्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव आणि निकटचा वारस यांची नोंद होते. पुढे विवाह, अपत्यजन्म यांसारख्या घटना त्याच्या युनिटकडून ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे प्रसिद्ध केल्या जातात व त्या सेवा-अभिलेखात समाविष्ट होतात. हा अभिलेख त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘रेकॉर्ड ऑफिस’मध्ये, जतन केला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावी येथे, तोफखान्याचे नाशिकरोड कॅम्प येथे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, गढवाल रायफल्सचे लॅन्सडाउन येथे, तर मद्रास रेजिमेंटचे वेलिंग्टन येथे आहे. नौसैनिकांचे अभिलेख मुंबईतील मानखुर्द येथे आणि वायुसैनिकांचे नवी दिल्लीतील सुब्रोतो पार्क येथे सांभाळले जातात.

निवृत्तीच्या वेळी याच अभिलेखाच्या आधारे पीपीओ तयार होतो. थलसेनेसाठी हे काम प्रयागराज (पूर्वीचे अलाहाबाद) येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांचे कार्यालय करते. तात्पर्य, मूळ नोंदीत झालेली चूक पीपीओत उतरते आणि तेथून बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचते. म्हणून दुरुस्तीचा आरंभही मुळापासूनच व्हावा लागतो.

तफावत का निर्माण होते?

तफावतीमागे फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो. बहुधा ती आपल्या सामाजिक रीतिरिवाजांतून आलेली असते. विवाहसमयी तांदळात नाव लिहून वधूला नवे नाव दिले जाते. आधार कार्डावर मात्र माहेरचे नाव राहते. एखादे घराणे शाळेच्या दाखल्यावर ‘जाधव’ आणि गावात ‘पाटील’ असते. ‘लक्ष्मण’ हे नाव रोमन लिपीत किमान दोन प्रकारे लिहिले जाते. जन्मतारखेची कथा तर सर्वश्रुत आहे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख सांगता न आल्यास गुरुजी १ जून लिहीत, आणि महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. पत्नीच्या बाबतीत अनेकदा अंदाजाने वय नोंदले गेले, तर जुन्या पीपीओंपैकी काहींमध्ये तिची जन्मतारीखच आढळत नाही.

चुकीची किंमत

पतीच्या हयातीत ही तफावत कोणास जाणवत नाही, कारण निवृत्तिवेतन नियमितपणे जमा होत असते. प्रश्न उभा राहतो तो त्याच्या पश्चात. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीची ओळख अभिलेखातील नावाशी ताडून पाहिली जाते. अभिलेखात ‘पार्वती’ आणि आधारवर ‘सुमन’ असेल, तर त्या दोन नावांची स्त्री एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार दुःखात असलेल्या त्या वृद्धेवर येतो. आणि ज्याच्या एका अर्जाने हे काम सुकर झाले असते, तो सैनिक त्या वेळी हयात नसतो.

जन्मतारखेचा परिणाम थेट रकमेवर होतो. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार निवृत्तिवेतनधारकास, तसेच कुटुंब निवृत्तिवेतनधारकासही, वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि १०० पासून १०० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळते. उदाहरणादाखल, मूळ कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा ९,००० रुपये असून पत्नीचे वय अभिलेखात चार वर्षांनी कमी नोंदले गेले आहे असे समजू. दरमहा १,८०० रुपयांप्रमाणे ४८ महिन्यांत ८६,४०० रुपयांचा लाभ तिला मिळणार नाही. यात महागाई भत्त्याचा समावेश नाही आणि पुढील टप्प्यांवरील विलंब वेगळाच. दिव्यांग अपत्याचे नाव अभिलेखात नसेल, तर त्या अपत्याचा आजीवन आधारच संकटात येऊ शकतो.

दुरुस्तीची रीत

माजी सैनिकाने आपला सेवा क्रमांक, हुद्दा व पीपीओ क्रमांक नमूद करून अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. पीपीओ व डिस्चार्ज बुकची प्रत, आधार व पॅन कार्ड, विवाहाचा किंवा जन्माचा दाखला आणि आवश्यकतेनुसार प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. नावच बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रतही मागितली जाते. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेणे इष्ट. कागदपत्रांचे साक्षांकन व पाठपुरावा या दोन्ही बाबतीत या कार्यालयाचे मोठे साहाय्य होते. अभिलेख कार्यालयाने दुरुस्ती मान्य केल्यानंतर ती मंजुरी प्राधिकाऱ्याकडे जाते व शुद्धिपत्रक पीपीओ निघतो.

संरक्षण निवृत्तिवेतनासाठी २०२१ मध्ये ‘स्पर्श’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. तीत आपली वैयक्तिक माहिती स्वतः पाहता येते व बदलाची विनंतीही नोंदविता येते. तथापि, सेवा-अभिलेखाशी निगडित बदलास अभिलेख कार्यालयाची संमती लागतेच.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र हा पुरावा आहे, दुरुस्ती नव्हे. ते केवळ फाइलमध्ये ठेवून निश्चिंत होऊ नये.

स्वतःची जन्मतारीख

शब्दलेखनातील चूक, पत्नीची जन्मतारीख आणि सैनिकाची स्वतःची जन्मतारीख या तीन वेगळ्या बाबी आहेत. पहिल्या दोन पुराव्यानिशी दुरुस्त होऊ शकतात. तिसरीवर मात्र सेवाकाल व निवृत्ती अवलंबून असल्याने ती निवृत्तीनंतर बदलणे अतिशय दुष्कर असते. नागरी सेवेतील हरनाम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये विहित मुदतीनंतर, अवाजवी विलंबाने केलेली अशी मागणी अमान्य केली होती. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचेही उदाहरण बोलके आहे. लष्कराच्या एका शाखेत त्यांची जन्मतारीख १० मे १९५१, तर दुसऱ्या शाखेत १० मे १९५० होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्याच्या बाबतीतही जुनी तफावत अखेरच्या टप्प्यावर मिटली नाही, हा यातील बोध.

काय करावे?

पीपीओ, आधार, पॅन आणि बँक पासबुक हे चार कागद शेजारी ठेवून स्वतःचे व पत्नीचे नाव अक्षरशः ताडून पाहावे. पीपीओ, आधार व पॅनवरील जन्मतारखाही जुळतात का ते पाहावे. तफावत आढळल्यास प्रथम सत्य काय आहे हे सर्वांत जुन्या पुराव्यावरून ठरवावे आणि जो कागद चुकीचा असेल तोच दुरुस्त करावा. चुकीच्या पीपीओशी जुळावे म्हणून आधार बदलण्याचा मोह टाळावा; आधारमधील जन्मतारीख सामान्यतः एकदाच बदलता येते. अर्ज पोचपावतीच्या डाकेने पाठवून त्याची प्रत जपावी. शुद्धिपत्रक मिळाल्यावर त्याची प्रत शाखेतही द्यावी.

शाखेतील सहकाऱ्यांनीही ‘हे आमचे काम नाही’ एवढ्यावर न थांबता, ग्राहकास संबंधित अभिलेख कार्यालयाचे नाव व आवश्यक कागदांची यादी लिहून द्यावी. दुरुस्ती आपल्या हाती नसली, तरी योग्य दार दाखविणे आपल्या हाती आहे. आणि माजी सैनिकांस नम्र विनंती, की हे काम त्यांनी आपल्या हयातीतच पूर्ण करावे; सही करणारा हात घरात असेपर्यंत ते तुलनेने सोपे असते.