सेन्सॉरला न कळलेली पत्रं

आठवड्याला एक पत्र, तेही फक्त घरच्यांना. फार तर चार पानं. अक्षर सुवाच्य हवं, खाडाखोड नको, शब्दाखाली रेघ नको, परभाषेतला शब्द नको, घरगुती विषयांपलीकडे काही नको. आणि विनोद? तोही मना! ओस्त्रावातल्या हेर्ज्मानित्से तुरुंगातला हा कायदा लागू झाला होता वात्स्लाव हावेलला, म्हणजे ज्याच्या तिरकस नाटकांना प्राग खदखदून हसलं होतं त्यालाच.

अन्यायाने खटल्यात अडकवलेल्यांची बाजू मांडणाऱ्या समितीत तो होता. चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारने मे १९७९ मध्ये त्याला उचललं आणि साडेचार वर्षं ठोठावली.

कच्चा खर्डा करायलाही बंदी होती. पुढे पिल्झेनच्या बोरी तुरुंगात त्याला धोबीखान्यात काम मिळालं. तिथे मळक्या चादरींच्या ढिगात तो खर्डे लपवायचा आणि दुपारच्या सुट्टीत, चहाडखोर कैद्यांची नजर चुकवून, त्यांवर हात फिरवायचा. खरी गंमत पुढे आहे. सेन्सॉरला जे कळायचं ते अडायचं. जे डोक्यावरून जायचं ते सुटायचं! मग हावेलची वाक्यं लांबत गेली, पिळदार होत गेली. ‘राजवट’ म्हणायची सोय नव्हती, म्हणून गडी ‘मी’ आणि ‘मी-नव्हे’ अशा वेदान्तात शिरायचा.

पण या धुक्यातून मधूनच लख्ख काहीतरी दिसतं. एकदा टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या बाईंचा आवाज अचानक गेला. त्या पडद्यावर तशाच, काय करावं सुचेना, चेहऱ्यावर ओशाळलेपण. त्यांना पाहून हावेल कासावीस झाला. या अनोळखी बाईंचं अवघडलेपण माझं का व्हावं? माणसाला माणसाबद्दल वाटणारी जबाबदारी उगवते कुठून? सरकारी तुरुंगात, सरकारी टीव्ही बघताना पडलेला हा प्रश्न. मला तर सगळ्या पत्रांत हीच जागा सर्वांत थोर वाटते.

फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यूमोनिया जिवावर बेतला, तेव्हा सरकारने त्याला घाईघाईने सोडलं. एकशे चव्वेचाळीस पत्रं पुस्तकात आली, आधी चोरून टाइप केलेल्या प्रतींमधून. २९ डिसेंबर १९८९ ला हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, ते जगाला ठाऊक आहे.

पुस्तकाचं नाव ‘ओल्गाला पत्रं’. ओल्गा त्याची बायको, आणि तिला पत्र लिहायचा मनस्वी कंटाळा. त्यामुळे अस्तित्वाची कोडी उलगडता उलगडता नवरोबांची भुणभुण चालूच: लिहीत जा गं, सविस्तर लिही, आणि मी विचारलंय त्याचं आधी उत्तर दे.