विरोधी पक्ष आणि देशाची सुरक्षा



मागे एकदा नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला चांगलाच वाद रंगला. एक विद्यार्थी म्हणाला, "देशावर संकट आले की विरोधी पक्षाने गप्प बसावे." तेव्हा एक मुलगी उठली. तिचे वडील फौजेत आहेत. ती म्हणाली, "सर, बाबा बर्फात ड्यूटी करतात. त्यांना गरम कपडे कमी पडले तर विचारायचे कोणी?" उत्तर देणे आमच्याकडे आले, पण तेवढ्यात घंटा झाली. राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. हिमालयात आपल्या अनेक जवानांजवळ थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, शस्त्रेही जुनी होती. आपल्या ग्वाल्हेरात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेत जनसंघाचे तरुण सदस्य होते. लढाई चालू असतानाच त्यांनी संसदेचे अधिवेशन बोलावण्याची मागणी केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. चर्चा बंद दाराआड व्हावी ही सूचना नेहरूंनी नाकारली. सरकारवर कडक टीका झाली आणि १४ नोव्हेंबरला आक्रमकाला देशाबाहेर घालवण्याचा संकल्पही सर्वांनी मिळून केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले व त्यांच्या जागी महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. पुढील वर्षांत सैन्याची ताकद वाढवण्याचे मोठे काम झाले. म्हणजे प्रश्न विचारल्याने देश दुबळा झाला नाही.

दुसरे उदाहरण १९९४ चे. काश्मीरच्या प्रश्नावर पाकिस्तानने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे भारताविरुद्ध ठराव आणला होता. पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारताच्या प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व कोणाकडे दिले? विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे! घरात रोज भांडणारे दोन पक्ष परदेशात एका सुरात बोलले, आणि पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला.

पण खुर्ची बदलली की माणसाची अडचणही बदलते. १९९९ च्या कारगिल युद्धात वाजपेयी पंतप्रधान होते. लोकसभा विसर्जित झालेली होती. विरोधकांनी राज्यसभेची खास बैठक मागितली, ती बोलावली गेली नाही. मात्र युद्ध संपताच सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुप्त माहिती मिळवण्यात कुठे उणीव राहिली हे तिने स्पष्ट लिहिले, आणि २००० साली तिचा अहवाल संसदेत ठेवला गेला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली, तेव्हाही असेच घडले. विरोधी पक्षांनी सरकारला पाठिंबा दिला. मे महिन्यात सात सर्वपक्षीय प्रतिनिधिमंडळे परदेशी गेली, त्यांतील एकाच्या प्रमुख सुप्रिया सुळे होत्या. खास अधिवेशनाची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही, पण जुलैच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत सविस्तर चर्चा झाली.

यातून आम्ही तीन गोष्टी शिकतो. पहिली, शत्रूसमोर आणि परदेशात देशाचा आवाज एक असावा. दुसरी, घरात प्रश्न जरूर विचारावेत, पण सैन्य कुठे आहे आणि उद्या काय करणार, हे चारचौघांत विचारू नये. त्यासाठी सर्वपक्षीय बैठक आहे. तिसरी, विरोधकांनी संकटाचा उपयोग मते मिळवण्यासाठी करू नये आणि सरकारनेही प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणू नये. १९७७ च्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला पगार आणि सुविधा सरकारी तिजोरीतून मिळतात. प्रश्न विचारणे हेसुद्धा देशाचेच काम आहे, म्हणून ही व्यवस्था.

त्या मुलीला आमचे उत्तर एवढेच : बेटा, तुझ्या बाबांच्या कपड्यांविषयी आधी सरकारने स्वतःच विचारावे. ते विसरले तर विरोधी पक्षाने विचारावे. आणि दोघेही विसरले, तर उद्या मतदार होणाऱ्या तुम्ही मुलांनी विचारावे.

— प्राचार्य