घर विकायचे? आधी कागद झाडा, मग भिंती



घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. पण घर विकून पाहणेही काही सोपे नाही. कुंडलसारख्या गावात मळ्यात नवे घर झाले किंवा मुले पुण्या-मुंबईला स्थायिक झाली, की गावठाणातले जुने घर कुलुपात पडते. दोन पावसाळ्यांत कौले सरकतात, वाशांना वाळवी लागते. मग विकायचे ठरते आणि घरातली मंडळी पहिल्या झटक्यात चुना आणायला धावतात. येथेच क्रम चुकतो.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घेताना तुम्ही शिंगांचा रंग पाहून पैसे देता का? दात बघता, चालवून बघता, मालक कोण ते विचारता. घराचे गिऱ्हाईकही तसेच करते.

पहिले काम : कागद

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा काढा. पुष्कळ घरांवर अजून आजोबांचेच नाव असते. वारसांची नोंद करून घ्या. पण हा उतारा कर आकारणीचा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. तुमच्या घराची पत्रिका झाली असेल, तर तिच्यातले नाव, क्षेत्र आणि चतु:सीमा स्वत: वाचून पाहा. शेजाऱ्याची भिंत, सामाईक बोळ, सांडपाण्याची वाट यांचा वाद असेल, तर तो गिऱ्हाईक येण्यापूर्वी मिटवा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा.

दुसरे काम : सह्या

सर्वांत जास्त व्यवहार येथेच अडतात. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडिलांच्या मागे आईचाही हिस्सा असतो. बहिणीला साडीचोळी करून सही घेण्याचा रिवाज आता सोडा. तिला किंमत सांगा, तिचा वाटा किती होतो ते सांगा आणि मगच सही मागा. ती आपखुशीने हक्क सोडत असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवूनच घ्या. घर गेले तरी माहेर राहिले पाहिजे. आई त्याच घरात राहत असेल, तर तिची सोय ठरल्याशिवाय विक्रीची गोष्ट काढू नका.

तिसरे काम : डागडुजी

आता भिंतींकडे वळा. फार खर्च करू नका. घातलेला सगळा पैसा किमतीत परत येत नाही. फुटकी कौले बदला, वाळवीची वाट काढून टाका, मोरी वाहती करा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. मातीचाच गिलावा आणि वर चुना चांगला. दारातला उकिरडा, पडका गोठा, मोडकी अवजारे हलवा. परसदार मोकळे दिसले, की जागा मोठी वाटते.

तुळई किडली असेल किंवा भिंतीत ओल मुरत असेल, तर ती रंगाखाली झाकू नका. सहज न दिसणारा मोठा दोष ठाऊक असूनही न सांगणे कायद्यालाही मान्य नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर तशी जबाबदारी टाकली आहे.

गिऱ्हाईक कोठे शोधावे?

प्रथम भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला आणि भाऊबंदांना विचारा. त्या जागेची गरज त्यांनाच जास्त असते. एकाच वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर इतर वारसांना तो घेण्याचा पहिला हक्कही असू शकतो. मग नोकरदार पाहा. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे कुंडललाच क्रांती साखर कारखाना आला. कामगार, शिक्षक, दुकानदार यांना गावात घर लागते. उसाची बिले हाती येतात तेव्हा गावात पैसा खेळतो. त्या दिवसांत घर दाखवा. पावसाळ्यात मात्र टाळा. किंमत सांगण्यापूर्वी सरकारी बाजारमूल्य आणि जवळपासचे व्यवहार विचारून घ्या.

शेवटी व्यवहार

विसार घेतला तर लेखी करार करा आणि रक्कम बँकेतून घ्या. स्टँप पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घर विकले गेले, असे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. ठरलेले पैसे खात्यावर जमा झाल्याची खात्री झाल्यावरच किल्ली द्या.

ज्या घराचे कागद स्वच्छ आणि घरातली माणसे एकमताची, त्या घराला चुना थोडा कमी लागला तरी चालते.