मूठ साच्यातून सुटते कशी?

अरुंद तोंडाच्या भांड्यात हात घालून चण्यांची मूठ भरणारे माकड तुम्हांला गोष्टीत भेटलेच असेल. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एखाद्या लोट्यातही तसेच घडेल. मोकळा हात आत जाईल, पण वळलेली मूठ बाहेर निघणार नाही. वस्तू धरलेल्या हाताचा साचा घ्यायचा म्हटले की हीच अडचण येते. पितळ ओतणारा कारागीर वाळूचा साचा शेवटी मोडून टाकतो. साच्यात जिवंत हात असला तर हातोडी कशी चालवणार?

अशा हातांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. मे १८६० मध्ये लिओनार्ड व्होल्क या शिल्पकाराने अब्राहम लिंकन यांच्या हातांचे ठसे घेतले. अध्यक्षपदाची उमेदवारी नुकतीच मिळालेली, आणि हस्तांदोलने करून करून उजवा हात सुजलेला! हातात काहीतरी धरा, असे व्होल्क म्हणाले तेव्हा लिंकन यांनी स्वतः जाऊन झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून आणला. ती सूज त्या ठशात आजही दिसते.

व्होल्क यांनी प्लास्टर वापरले होते. आता साच्यासाठी अल्जिनेट वापरतात. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेतात तो याचाच. तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळते. त्याच्या भुकटीत कॅल्शियम सल्फेटही असते. पाणी घालताच कॅल्शियमचे आयन सुटे होतात आणि अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. काही मिनिटांतच खळीसारखे मिश्रण रबरासारखे लवचीक होते. बोटे हळूहळू हलवली की कडांतून हवा शिरते, साचा ताणला जातो आणि मूठ सैल करून हात बाहेर काढता येतो. धरलेली वस्तू मात्र आतच राहू द्यावी. मग पोकळीत प्लास्टर ओतले की ते त्या वस्तूभोवतीच घट्ट होते. प्लास्टर लगेच ओतावे, कारण पाणी उडून गेले की अल्जिनेट आकसते.

गंमत अशी, की प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजेही कॅल्शियम सल्फेटच. जिप्सम तापवून त्यातले तीन-चतुर्थांश पाणी घालवले की ते तयार होते. पाणी मिळाले की पुन्हा जिप्समचे स्फटिक बनतात, प्लास्टर किंचित फुगते आणि त्वचेच्या बारीक रेषासुद्धा उमटतात. मात्र या क्रियेत उष्णता बाहेर पडते. जाड थराचे तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि घट्ट झालेल्या प्लास्टरमधून हात ओढून काढता येत नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये शाळेच्या कलाप्रकल्पासाठी एका सोळा वर्षांच्या मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात बुडवले, आणि भाजल्यामुळे तिची बहुतेक बोटे गेली. मोडलेल्या हाडावर डॉक्टर प्लास्टर घालतात ते कापसावर आणि पातळ थरांनी, म्हणून ते फक्त कोमट लागते.

तेव्हा ओल्या प्लास्टरमध्ये हात कधीही घालू नका. हात अल्जिनेटमध्ये घालायचा, प्लास्टर ओतायचे ते हात बाहेर काढल्यावरच. आणि हे करताना शिक्षक जवळ असू द्या.