विश्लेषण : युद्ध संपले, तरी मुलींची शाळा का सुटली?

सोव्हिएत संघातून १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या ताजिकिस्तानात पुढच्याच वर्षी यादवी पेटली. १९९७ च्या शांतता करारापर्यंत हजारो जीव गेले. शिक्षणाचे नुकसान मात्र मुलगे आणि मुलींच्या वाट्याला सारखे आले नाही.

अभ्यास काय सांगतो?
अर्थतज्ज्ञ ओल्गा शेम्याकिना यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धाआधीच शाळेचे वय ओलांडलेल्या मुलींच्या तुलनेत, संघर्षग्रस्त भागांत युद्धकाळात शाळकरी वयात असलेल्या मुलींचे नववीपर्यंतचे सक्तीचे शिक्षण अपुरे राहण्याची शक्यता अधिक होती. मुलग्यांवर असा परिणाम फारसा दिसला नाही.

मुलीच का?
रस्ता धोक्याचा झाला, की आधी मुलीला घरी ठेवले जाते. पैसा अपुरा पडला, की मुलाच्या शिक्षणाला झुकते माप मिळते. काही घरांत मुलीचे लग्नही लवकर उरकले जाते.

परिणाम कुठवर?
शाळा पुन्हा उघडते. पण संसारात पडलेली मुलगी सहसा वर्गात परतत नाही. कमी शिक्षणामुळे चांगल्या कामाच्या संधी हुकतात. आईच्या शिक्षणाशी मुलांचे आरोग्य आणि शिक्षणही जोडलेले असते. म्हणूनच युद्धानंतर नुसत्या इमारती उभारून भागत नाही. वय उलटून गेलेल्या मुलींसाठी वेगळे वर्गही लागतात.