सहीआधीचा प्रश्न

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेचा कागद राष्ट्रपती भवनात पोहोचला आणि राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी त्यावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. मंत्र्यांना बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे, एवढ्या एका प्रश्नावर तो कागद अडवता आला असता. तो अडला नाही.

‘रबरी शिक्का’ हा शब्द राष्ट्रपतिपदाला तेव्हापासून फार घट्ट चिकटला. राज्यघटना वरवर वाचली तर तो खराही वाटतो. कलम ५३ देशाची कार्यकारी सत्ता आणि सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना देतं. कलम ७४ ती सत्ता मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वापरायला सांगतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असल्याचं स्पष्ट केलं होतं. राष्ट्राचं प्रतिनिधित्व करायचं, राज्य चालवायचं नाही.

मात्र राजा जन्मानं ठरतो, राष्ट्रपती मतांनी. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य ही निवड करतात. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. हिशेब अजून १९७१ च्या जनगणनेचा. सगळ्या आमदारांचं एकूण मूल्य खासदारांच्या जवळपास बरोबरीचं ठेवलेलं आहे, म्हणून राष्ट्रपती दिल्लीतल्या बहुमतापुरते उरत नाहीत. शपथही वेगळी आहे. मंत्री घटनेशी निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात, राष्ट्रपती तिचं जतन आणि संरक्षण करण्याची. माझ्या मते या पदाचं खरं काम त्या शपथेत आहे आणि ते सही करण्यापूर्वी पार पाडायचं असतं.

त्यासाठी हाती काय आहे? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला तर सही करावीच लागते. एकदा, फक्त एकदा. पण त्या एका वेळेत किती ताकद आहे ते राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी दाखवलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत हाणामारी झाली, त्याच गदारोळात कल्याणसिंग यांनी विश्वासमत जिंकलं आणि गुजराल मंत्रिमंडळानं राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. बहुमताचा फैसला सभागृहात व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयानं बोम्मई खटल्यात १९९४ मध्येच सांगितलं होतं. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली. मंत्रिमंडळानं ती पुन्हा पाठवली नाही आणि राज्य सरकार टिकलं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी अशीच परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा राजवट लागू झाली खरी, पण राज्यसभेत बहुमत नसल्यानं सरकारलाच ती मागे घ्यावी लागली. दोन विरोधी बाजूंची सरकारं, आणि दोघांनाही एकच मोजपट्टी. या पदाची प्रतिष्ठा मला इथे दिसते. रायसीना टेकडीवरच्या ३४० खोल्यांत नव्हे.

त्याआधीचे राष्ट्रपती झैलसिंग यांचा मार्ग वेगळा होता. सरकारला लोकांची पत्रं फोडण्याची मोकळीक देणारं टपाल विधेयक १९८६ मध्ये त्यांच्याकडे आलं; त्यांनी सही केली नाही, ते परतही केलं नाही, आणि त्याचा कायदा झाला नाही.

अब्दुल कलाम यांच्या कारकिर्दीत दोन्ही बाजू दिसतात. मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना बिहार विधानसभेच्या विसर्जनाचा कागद त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तिथूनच सही केली. सर्वोच्च न्यायालयानं ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. पुढच्या वर्षी लाभाच्या पदांचं विधेयक मात्र त्यांनी संसदेकडे परत पाठवलं. संसदेनं ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, तेव्हा नियमाप्रमाणे सही केली. निकाल बदलला नाही, पण प्रश्न देशासमोर मांडला गेला.

रातोरात झालेल्या सहीचा अनुभव महाराष्ट्रानंही अगदी जवळून घेतला आहे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. राजवट उठवण्याचा सल्ला मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय, पंतप्रधानांच्या विशेषाधिकाराच्या नियमानं दिला गेला होता. सर्वोच्च न्यायालयानं बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, फडणवीसांनी राजीनामा दिला. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवण्याची अट ४४ व्या दुरुस्तीनं घातली आहे. राष्ट्रपती राजवट लावताना किंवा उठवताना ती लागू नाही. ती कलम ३५६ मध्येही यायला हवी. म्हणजे रात्री-अपरात्री कागद समोर आला तरी आधी निर्णयाची लेखी प्रत मागणं राष्ट्रपतींच्या मर्जीवर राहणार नाही.