आरशासमोरचा दिवा

मैत्रिणींनो, आधी एक प्रसंग सांगते. थोड्याफार फरकाने तुमच्याही घरी तो घडला असेल.

भाचीचं लग्न होतं. मुहूर्त सकाळचा. पहाटे उठून, आंघोळ आटोपून मी आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. छताला एकच पिवळा दिवा. पावडर लावली. ती दिसेचना म्हणून आणखी एक हात फिरवला. गालांना जरा लाली, ओठांना लिपस्टिक. आरशात सगळं कसं बेताचं दिसत होतं! रिक्षातून कार्यालयाच्या दारात उतरले, सकाळचं लख्ख ऊन तोंडावर आलं आणि थोरल्या वहिनी पुढे येऊन कानात म्हणाल्या, "अगं, पिठाच्या डब्यात तोंड घातलं होतंस का? चल आत, पुसून घे."

पुसलं खरं, पण तेवढ्यात व्याह्यांच्या स्वागताचा फोटो निघून गेला होता. अल्बममधला तो पांढरा चेहरा आजही मुलं दाखवतात आणि हसतात. पण दोष माझ्या हाताचा नव्हता, पावडरीचाही नव्हता. दोष त्या दिव्याचा होता.

दिवा फसवतो कसा?

साडी घेताना आपण दुकानदाराला काय सांगतो? "जरा बाहेर उजेडात दाखवा." ब्लाउजपीस जुळवायचा तर दुकानाच्या पायरीपर्यंत येतो. कारण आतला मोरपंखी बाहेर निळा निघतो, हे आपण अनुभवाने शिकलेलो असतो. मग साडीसाठी एवढी काळजी आणि चेहऱ्याला मात्र मिळेल तो दिवा, असं का बरं?

पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबड्या-पिवळ्या रंगांचा भाग जास्त आणि निळ्याचा अगदी कमी असतो. त्यात पांढरी पावडर सायीच्या रंगाची दिसते आणि कातडीत मिसळून गेल्यासारखी वाटते. म्हणून हात थांबत नाही. जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या ट्यूबचं याच्या उलट. तिच्यात तांबडा रंग कमी. चेहरा फिका नि ओठ निस्तेज दिसतात, मग आपण लाली वाढवत जातो आणि उन्हात आल्यावर गाल जत्रेतल्या बाहुलीसारखे दिसतात. शिवाय आपला डोळा पडला लबाड! पाच-दहा मिनिटांत तो कुठल्याही उजेडाला सरावतो आणि "सगळं ठीक आहे" असं सांगून मोकळा होतो.

डोक्यावरचा दिवा नको

एक गंमत करून बघा. रात्री खोलीतला दिवा मालवा आणि आरशासमोर उभं राहून मोबाइलची बॅटरी डोक्यावर धरा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली सावली, हनुवटीखाली सावली. दहा वर्षांनी वय वाढलं! आता तोच उजेड समोरून, डोळ्यांच्या उंचीवर धरा. सावल्या गेल्या, चेहरा जिथल्या तिथे.

हे मी हसत सांगतेय, पण या सावल्यांनी मला चांगलाच फटका दिला आहे. डोळ्यांखाली काळं पडलंय असं मनात धरून मी दोन वर्षं नाही नाही ती क्रीमं आणली. बटाट्याच्या चकत्या झाल्या, काकडी झाली. कुठे चारचौघींत जायचं म्हटलं की मनात खट्टू व्हायची. पुढे घर बदललं. नव्या घरात आरसा खिडकीशेजारी आला आणि आठवडाभरात लक्षात आलं, की काळं फारसं नव्हतंच. वर्तुळं माझी नव्हती, छताच्या दिव्याची होती. पैसे गेले त्याचं एवढं नाही. दोन वर्षं मी स्वतःच्याच तोंडावर उगीच नाराज राहिले, याचं वाईट वाटतं.

सर्वांत चांगला दिवा फुकटचा

तो म्हणजे खिडकी. पण एक लक्षात ठेवा, उजेड आरशावर नाही, तुमच्या तोंडावर पडायला हवा. पुष्कळ घरांत खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीला ड्रेसिंग टेबल असतं. आरशात बघायला बसलं की खिडकी येते पाठीमागे आणि चेहरा काळोखात! त्यापेक्षा आरसा खिडकीच्या चौकटीला लागून, त्याच भिंतीवर टांगा. म्हणजे तुमचं तोंड आपोआप उजेडाकडे होईल.

उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे भर उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर तिच्यातून थेट ऊन येत नाही. उजेड कसा मऊ, सारखा. पूर्व-पश्चिमेच्या खिडकीत ऊन चेहऱ्यावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. रंगीत नको. हिरव्या पडद्यातून येणारा उजेड चेहरा हिरवा करतो. गडद ऑइलपेंट दिलेल्या भिंतीही तेच करतात.

विकतचा दिवा घेताना

पहाटेची लग्नं असतात, रात्रीचे समारंभ असतात, काही घरांना धड खिडकीच नसते. तेव्हा दिवा हवाच. आता एल.ई.डी.चे दिवे गल्लीतल्या दुकानातही मिळतात. मात्र "एक बल्ब द्या" एवढंच म्हणू नका. खोका हातात घेऊन दोन आकडे वाचा.

पहिला आकडा केल्व्हिनचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. प्रसाधनासाठी मधला, ४००० ते ५००० च्या आसपासचा घ्यावा. दुकानदार त्याला 'नॅचरल व्हाइट' किंवा 'न्यूट्रल व्हाइट' म्हणतात.

दुसरा आकडा 'सी.आर.आय.'चा. दिव्यात रंग किती खरे दिसतात, याचे हे मार्क समजा, १०० पैकी. साधारण बल्ब ८० च्या घरात असतात. आरशासाठी ९० किंवा त्याहून अधिकाचा मागा. थोडा महाग पडेल, पण घरात असा एक-दोनच लागतो.

उजेड किती हवा? ९ वॉटचा एल.ई.डी. बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन उजेड देतो. जुन्या ६० वॉटच्या बल्बच्या तोडीचा समजा. आरशाच्या दोन बाजूंना असे दोन लावले की पुरे. काच दुधी असावी, नाहीतर डोळे दिपतात.

लावायचा कुठे?

आरशाच्या दोन्ही बाजूंना, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्याने आवरत असाल तर जमिनीपासून सुमारे ५ फूट. बसून आवरत असाल तर बसल्यावर डोळे कुठे येतात ते मोजा. दोन दिव्यांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. नाटकाच्या रंगपटातल्या आरशांभोवती दिव्यांची माळ असते ना, ती शोभेसाठी नसते. सगळीकडून उजेड आला की सावली पडायला जागा उरत नाही.

दिवा जवळ हवा, बरं का! अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. चाळिशी उलटलेल्या मैत्रिणींनी हे विशेष ध्यानात घ्यावं. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, आतलं भिंगही पिवळसर होतं. लेकीला पुरणारा उजेड आईला पुरेलच असं नाही.

दोन दिवे लावायची सोय नसेल तर? एका बाजूला टेबललॅम्प ठेवा आणि दुसऱ्या बाजूला जाड पांढरा पुठ्ठा उभा करा. पुठ्ठ्यावरून परतलेला उजेड दुसरा गाल उजळतो. खर्च जवळजवळ नाहीच.

वायरिंगचं काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. बेसिनचं पाणी उडेल तिथे होल्डर नको, लोंबती वायर नको, आणि उजेड मऊ करायला दिव्यावर ओढणी टाकणं तर मुळीच नको.

समारंभ रात्रीचा असेल तर निघण्यापूर्वी पिवळ्या दिव्याखाली एकदा बघून घ्या. दिवसाचा असेल तर हातात छोटा आरसा घेऊन गॅलरीत उभ्या राहा. एका मिनिटाचं काम आहे.

आणि शेवटी…

तुम्ही म्हणाल, "अहो, कुंकू लावायला नि वेणी घालायला एवढा खटाटोप?" मी विचारते, तुमच्या घरात सर्वांत चांगल्या उजेडाची जागा कोणाकडे आहे? पुष्कळ घरांत खिडकीपाशी दाढीचा आरसा असतो आणि बाईचा आरसा कपाटाच्या दारात, बोळात. कोणी मुद्दाम करत नाही. आपणही कधी मागत नाही.

आता जे सांगते ते नटण्यामुरडण्याच्या पलीकडचं आहे. एका पावसाळ्यात आमच्या ह्यांना चार-पाच दिवस अन्न जात नव्हतं, थकवा होता. रात्री कामावरून यायचे, खोलीत तोच पिवळा दिवा. मला काही वेगळं दिसलं नाही. रविवारी सकाळी ते खिडकीपाशी दाढी करत होते. चहा द्यायला गेले आणि कप हातातच राहिला. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं! कावीळ होती. पिवळ्या दिव्यात ती लपून राहते, डॉक्टरही डोळे दिवसाच्या उजेडातच बघतात. रक्त कमी असेल तर खालच्या पापणीच्या आतला फिकेपणाही चांगल्या उजेडातच कळतो.

म्हणून सांगते, मैत्रिणींनो, घरात एक आरसा खऱ्या उजेडात असू द्या. त्यात रोज एकदा स्वतःकडे नीट बघा आणि घरच्यांनाही कधीमधी तिथे उभं करा. सावलीने दाखवलेला दोष मनाला लावून घेऊ नका. पण खऱ्या उजेडातही काही वेगळं दिसलं, डोळ्यांखाली काळं असलं किंवा चेहरा सतत ओढलेला वाटला, तर त्यावर पावडर फिरवू नका. डॉक्टरांकडे जा.

येत्या रविवारी घरातला आरसा कुठे टांगलाय ते बघा. हातोडी आणि एक खिळा, एवढंच लागेल!